पोलीस ठाण्याच्या आधीचं दार

जुलै 2016 मध्ये महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकानं परभणीतल्या तरुणांना अटक करायला सुरुवात केली. सीरियातल्या हस्तकाशी इंटरनेटवरून संपर्क आणि बॉम्बची तयारी, असा आरोप होता. पुढे तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला आणि 2022 मध्ये गुन्हा कबूल केलेल्यांना मुंबईच्या विशेष न्यायालयानं 7 वर्षांची शिक्षा दिली. तपास यंत्रणांनी आपलं काम केलं. पण मुलगा बदलत जातो ते आधी घरात दिसतं. तो रात्र रात्र मोबाइलवर असतो, जुने मित्र तोडतो, बहिणीला दरडावतो. परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या बोरीत अशा मुलाच्या आईनं कुणाकडे जायचं? गावात पोलीस ठाणं आहे. पण तिथे गेलं की मुलगा कायमचा हातचा जाणार, ही धास्ती तिला गप्प बसवते. ही धास्ती एका धर्मापुरती नाही. डिसेंबर 2024 मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाल्यावर हिंसाचार उसळला, धरपकड झाली आणि सोमनाथ सूर्यवंशी या तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्या प्रकरणी गुन्हा नोंदवा, असं उच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

घरच्यांसाठी पोलिसांच्या आधीचं एक दार लागतं, हे युरोपनं किंमत मोजून ओळखलं. 2004 मध्ये माद्रिदच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले, तेव्हा युरोपीय संघानं दहशतवादविरोधी समन्वयक नेमला. तरी नोव्हेंबर 2015 मध्ये ब्रसेल्समध्ये तयारी झालेल्या हल्ल्यांत पॅरिसमध्ये 130 माणसं मेली. दुसऱ्या दिवशी सकाळी हल्लेखोरांपैकी एकाची गाडी फ्रेंच पोलिसांनी सीमेकडच्या रस्त्यावर अडवली, कागद पाहिले आणि जाऊ दिली. त्यानंतर 2016 मध्ये देशांनी माहिती वाटून घ्यावी म्हणून हेग इथे युरोपोलचं दहशतवादविरोधी केंद्र उभं राहिलं. माहितीची देवाणघेवाण हवीच. पण ती चालते आधीच नोंदीत आलेल्या माणसांबद्दल. नोंदीत न आलेल्या पोरासाठी युरोपीय आयोगानं 2011 मध्ये शिक्षक, समाजसेवक, डॉक्टर आणि पोलीस यांचं जाळं विणलं. डेन्मार्कमधल्या आर्हुस शहरात पोलीस आणि नगरपालिका एकत्र बसतात, पालकांशी बोलतात, मुलाला एक जाणता सोबती देतात. गुन्ह्याचा पुरावा असेल तर खटला होतोच. नसेल तर शिक्षणाची आणि उपचाराची वाट खुली राहते.

हे लाड आहेत, असं कुणी म्हणेल. पण शिक्षा गुन्ह्यानंतरची असते आणि इथे प्रश्न गुन्ह्याआधीचा आहे. दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: यातून एका समाजावर पाळत सुरू होईल. ब्रिटनमध्ये 2015 पासून मुलांना दहशतवादाकडे वळण्यापासून रोखण्याचं कर्तव्य शिक्षकांवर कायद्यानं टाकलं, तेव्हा मुस्लीम विद्यार्थी संशयाच्या भिंगाखाली आल्याची तक्रार शिक्षकांनीच केली. परभणीनं तरी ही चूक करू नये. नोव्हेंबर 2003 मध्ये इथल्या मशिदीत आणि ऑगस्ट 2004 मध्ये पूर्णा व जालन्यातही बॉम्ब फुटले, म्हणजे द्वेषाचं विष कुठल्याही बाजूनं येऊ शकतं, हे या भागानं सोसलेलं आहे. पैशांची सबबही टिकत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, 14416 ही टेलिमानसची मदतवाहिनी आहे, गावोगाव आशाताई आहेत. त्यांना प्रशिक्षण द्यावं आणि जीविताला थेट धोका असल्याशिवाय घरच्यांनी सांगितलेलं नाव पोलिसांकडे जाणार नाही, ही अट शासन निर्णयात लेखी यावी. एवढं झालं तरच ती आई तोंड उघडेल.