वापिटीपासून हंटरपर्यंत

१ एप्रिल १९३३. कराचीच्या ड्रिग रोड तळावर भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली. विमाने अवघी चार, तीही वापिटी जातीची: एकावर एक दोन पंखांची, उघड्या कॉकपिटची. प्रमुख होते सेसिल बाउशियर हे इंग्रज अधिकारी. त्यांच्या हाताखालचे पाच भारतीय वैमानिक इंग्लंडमधल्या क्रॅनवेलच्या हवाई दल कॉलेजातून शिकून आलेले होते, आणि त्यांतलेच एक बावीस वर्षांचे सुब्रतो मुखर्जी.

हिंदी माणसाला विमान चालवणे जमेल का, अशी शंका तेव्हा उघडपणे घेतली जाई. तिला उत्तर द्यायची जबाबदारी या मूठभर तरुणांवर होती, आणि ती त्यांना महाग पडली. त्याच वर्षी अपघातात भूपेंद्र सिंग आणि अमरजीत सिंग गेले. पुढे आणखी एका अपघातानंतर हरीश सरकार यांना दल सोडावे लागले. मुखर्जींच्या नावामागे ‘पहिले’ हे विशेषण वारंवार लागते, ते वाचताना ही पडझड विसरता कामा नये.

वायव्य सरहद्दीवर या स्क्वाड्रनचे काम लष्कराला साथ देण्याचे होते. मार्च १९३९ मध्ये मुखर्जी तिचे प्रमुख झाले; स्क्वाड्रनचे नेतृत्व करणारे पहिले भारतीय. ऑगस्ट १९४० मध्ये टोळीवाल्यांच्या वेढ्यात सापडलेल्या एका लष्करी चौकीतला दारूगोळा संपत आला होता. मुखर्जींनी आपल्याच विमानाच्या मशीनगनमधली काडतुसे काढायला लावली, ती विमानातल्या तोफचीच्या पायमोज्यांत भरली आणि अगदी खालून उडत चौकीवर टाकली. भर गोळीबारात स्वतःजवळचा दारूगोळा दुसऱ्याला देऊन टाकायला छाती लागते आणि डोके त्याहून जास्त लागते. १९४३ मध्ये कोहाटचा हवाई तळ त्यांच्या हाती आला. हाही मान मिळवणारे ते पहिलेच भारतीय.

तरीही मुखर्जींची खरी कामगिरी कॉकपिटच्या बाहेरची आहे, असे मला ठामपणे वाटते. १९४९ मध्ये करिअप्पा हे पहिले भारतीय लष्करप्रमुख झाले, पण हवाई दलाच्या प्रमुखपदी १९५४ पर्यंत ब्रिटिश अधिकारीच राहिले: एल्महर्स्ट, आयव्हलॉ-चॅपमन, गिब्ज. मुखर्जी या काळात दुसऱ्या क्रमांकावर होते. फाळणीत विमाने, माणसे, तळ यांची वाटणी झालेली. तशात काश्मीरच्या लढाईसाठी ऑक्टोबर १९४७ मध्ये डाकोटा विमानांतून श्रीनगरला फौजा उतरवायची वेळ आली. लहानशा दलाला ही सगळी ओढाताण पेलायची होती. खुर्चीची घाई न करता मुखर्जींनी ती वर्षे कारभार शिकण्यात घालवली, लंडनच्या इंपीरियल डिफेन्स कॉलेजातही अभ्यास केला.

१ एप्रिल १९५४ रोजी हवाई दलाची सूत्रे त्यांच्या हाती आली; पहिली स्क्वाड्रन उभी राहिली त्याला बरोबर २१ वर्षे झाली होती. पुढच्या सहा वर्षांत मिस्तेअर, कॅनबेरा, हंटर, नॅट ही जेट विमाने दलात आली. नवी विमाने म्हणजे नवे प्रशिक्षण, नव्या कार्यशाळा, सुट्या भागांची नवी साखळी. वापिटीवर घडलेल्या माणसाने हा सारा बदल अंगावर घेतला.

८ नोव्हेंबर १९६० रोजी टोकियोत जेवताना श्वासनलिकेत घास अडकून त्यांचा मृत्यू झाला. वय ४९. प्रमुखपदावर असतानाच ते गेले आणि अ‍ॅस्पी इंजिनिअर यांनी सूत्रे स्वीकारली. फुटबॉलवेड्या मुखर्जींच्या कल्पनेतून निघालेली आंतरशालेय स्पर्धा आज सुब्रतो कप म्हणून ओळखली जाते. त्यांच्या पत्नी शारदा या राजकोटच्या मराठी पंडित घराण्यातल्या. त्या १९६२ आणि १९६७ मध्ये रत्नागिरीतून लोकसभेवर निवडून गेल्या आणि पुढे आंध्र प्रदेश व गुजरातच्या राज्यपाल झाल्या.