मांजराचा पट्टा सुटणारा हवा!

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा उंदरांच्या सभेतला प्रश्न आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वर्गात ही गोष्ट सांगितली की एखादं पोर हमखास उठून म्हणतं, "बाई, आमच्या मांजराला आम्हीच बांधलीय!" कशानं बांधली म्हणून विचारावं, तर ताईच्या रिबिनीनं, परकराच्या नाडीनं, नाहीतर कुत्र्याच्या जुन्या पट्ट्यानं. मांजर गोजिरं दिसतं, मुलं खूष होतात आणि कामाच्या रगाड्यात आपलंही तिकडे लक्ष राहत नाही. पण मैत्रिणींनो, पक्की गाठ मारलेली रिबीन म्हणजे मांजराच्या गळ्यातला फासच असतो.

तामलवाडीसारख्या गावातलं मांजर काही गादीवर लोळणारं नसतं. ज्वारी-सोयाबीनच्या पोत्यांभोवती उंदीर फिरतात म्हणून ते पाळलेलं. ते पत्र्यावरून उडी मारणार, तुऱ्हाट्यांच्या ढिगात शिरणार, काटेरी तारेखालून निसटणार. अशा वेळी पट्टा खिळ्यात किंवा फांदीत अडकला की सगळं अंग गळ्यावर लोंबकळतं. तेव्हा पट्टा सुटला नाही, तर मांजर सुटत नाही.

"मग सैल बांधू," असं कुणी म्हणेल. तेही घातकच. सैल पट्टा अंग चाटताना खालच्या जबड्यात अडकतो, नाहीतर पुढचा पाय त्यात जातो आणि काखेत काचून खोल जखम होते. केसांमुळे ती दिवस-दिवस आपल्या लक्षात येत नाही.

मग पट्टा हवाच कशाला?

हवा, कारण त्याचा उपयोगही तेवढाच आहे. सोलापूर-तुळजापूर रस्ता, म्हणजे आताचा राष्ट्रीय महामार्ग ५२, गावाला लागून जातो. कोजागरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची रीघ लागते. गर्दीला, फटाक्यांना बिचकून मांजर भलतीकडेच निघून जातं. पट्ट्यावर फोन नंबर असेल तर कुणीतरी कळवतं. शिवाय उजेड पडला की चमकणारी पट्टी त्यावर असेल, तर रात्री गाडीवाल्याला मांजर दिसण्याची शक्यता वाढते.

मांजर पट्टा घालूच देत नाही, ही समजूतही तितकीशी खरी नाही. अमेरिकेत लिंडा लॉर्ड या पशुवैद्य बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५३८ पाळीव मांजरांवर सहा महिने लक्ष ठेवलं. हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ३९१ मांजरांनी, म्हणजे चारांतल्या जवळजवळ तिघांनी, पट्टा शेवटपर्यंत वागवला. मात्र १८ मांजरांचा पाय किंवा तोंड त्यात अडकलं, नाहीतर पट्टाच कशाला तरी अडकला. म्हणून पट्टा घाला, पण पारखून घाला.

पट्टा कसा निवडाल?

दुकानात "ओढ बसली की आपोआप उघडणाऱ्या बकलाचा, मांजराचा पट्टा" असं स्पष्ट सांगून मागा. कुत्र्याचा चामडी पट्टा नको, इलॅस्टिकही नको. ते ताणलं की पाय आत जातो. पट्टा हलका, मऊ आणि साधारण एक सेंटीमीटर रुंद असावा. नंबर लोंबत्या बिल्ल्यापेक्षा पट्ट्यावरच पक्क्या शाईनं लिहावा, म्हणजे अडकायला काही उरत नाही.

आणल्या आणल्या त्याची परीक्षा घ्या. मोठं मांजर साधारण तीन-चार किलोचं असतं. पिशवीत दोन किलो ज्वारी भरा, पट्टा खुंटीला अडकवा आणि पिशवी त्याला टांगून हलका हिसका द्या. बक्कल उघडलं तर पट्टा ठेवा, नाहीतर परत करा. घरीच करायचा असेल तर मऊ सुती पट्टी घ्या, टोकं एकमेकांवर ठेवून साध्या दोऱ्याचे दोन-तीन कच्चे टाके घाला आणि वरचीच परीक्षा घ्या. एरवी आपण टाका पक्का घालतो. इथे कच्चाच हवा.

सवय कशी लावाल?

१. पहिले एक-दोन दिवस पट्टा मांजराच्या झोपायच्या जागी नुसता पडू द्या. त्याला आपला वास लागला की त्याची भीती जाते.

२. दूध-भाकरी पुढे ठेवल्यावर, खाण्यात गुंगलेलं असताना तो घाला. हे काम मोठ्या माणसानं करावं, मुलांनी नव्हे.

३. पट्टा आणि मान यांत आपली दोन बोटं सपाट जावीत. जास्त नको, कमीही नको.

४. पहिल्या दिवशी पाच-दहा मिनिटं पुरे. मग रोज वेळ वाढवा. सवय होईपर्यंत मांजर नजरेसमोर, घरातच असू द्या.

५. ते मागे-मागे सरकेल, पोट टेकून चालेल, पायानं खाजवेल. हसू नका, रागावू नका. फारच धडपडलं तर काढा आणि उद्या पुन्हा बघा.

नखं किंवा दात लागलेच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. त्यात हयगय नको.

पिल्लू सहा महिन्यांचं होईपर्यंत पट्टा न घातलेलाच बरा. मान वाढते आणि पट्टा काचतो. मोठ्या मांजराचाही आठवड्यातून एकदा काढून खालची कातडी बघावी. केस गेले असतील, लाली असेल तर काही दिवस पट्टा बंद.

घंटा बांधायची की नाही?

ब्रिटनमधल्या पक्षी संरक्षण संस्थेच्या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, घंटा बांधलेल्या मांजरांनी पक्षी ४१ टक्के आणि उंदरासारखे प्राणी ३४ टक्के कमी मारून आणले. म्हणजे उंदरांच्या सभेचा हिशेब बरोबरच होता म्हणायचा! तेव्हा घराच्या वळचणीला चिमण्यांची घरटी असतील तर छोटं घुंगरू जरूर लावा. धान्याची पोती राखायला मांजर असेल तर मात्र लावू नका.

आणखी एक गोष्ट. पिसवांसाठी कुत्र्याचा औषधी पट्टा किंवा पावडर मांजराला कधीही वापरू नका. त्यातल्या कित्येकांत परमेथ्रिन असतं. ते कुत्र्याला चालतं, पण मांजराला झटके येऊन ते दगावू शकतं. पिसवांचं औषध पशुवैद्यांना विचारूनच आणा.

असा पट्टा अधूनमधून हरवेल, मांजर बोडक्या मानेनं घरी येईल. तेव्हा पैसे वाया गेले म्हणून हळहळू नका. पट्टा कुठंतरी कुंपणाला लटकतोय आणि मांजर चुलीपाशी बसलंय, म्हणजे त्यानं आपलं काम चोख केलं.