बंदरातला शेवटचा दिवस

१ ऑक्टोबर २०२४ चा दिवस, ठिकाण गोवा. दुसऱ्या दिवशी नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. ‘तारिणी’ या शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणेला निघायच्या होत्या. बोट जेमतेम ५६ फुटांची, गोव्यातच बांधलेली. माणसं दोनच. पहिला मुक्काम थेट ऑस्ट्रेलियात, फ्रीमँटलला. पाच आठवड्यांहून जास्त नुसतं पाणी!

आपलं काही विसरलं तर संगमनेर स्टँडवर मिळतं. समुद्रात साधी काडेपेटी मिळायची नाही. म्हणून बंदरातला शेवटचा दिवस हिशेबाचा. हिरवी भाजी आधी संपवायची, कांदे-बटाटे पुरवून खायचे, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण शिडं, दोर, औषधंही तेव्हाच पारखून घ्यायची. भर समुद्रात शीड फाटलं तर शिवणाऱ्या त्याच दोघी. एक झोपली की दुसरीने जागायचं.

केप हॉर्नला वळसा घालून २९ मे २०२५ ला दोघी गोव्यात सुखरूप परतल्या.

आमच्या बचत गटात दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला जायचं तरी बायकांचा आदला दिवस घरच्यांची भाकरी-भाजी, सासूबाईंच्या गोळ्या यातच जातो. स्वतःची पिशवी भरायची रात्री अकराला. तिथे ही हकिगत सांगितली, तर एकीने लगेच विचारलं, “ताई, आठ महिने यांच्या घरी स्वयंपाक कुणी केला?”

सगळ्या हसल्या. ती मात्र हसली नाही.