बिगरमोसमी पाऊस

'मौसम' हा शब्द तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. तो मूळचा अरबी. उर्दूत आपण 'मौसम' म्हणतो, मराठीत 'मोसम'. 'मॉन्सून' हा शब्दही त्याच मुळातून आला आहे. जो पाऊस आपला मोसम सोडून भलत्याच वेळी येतो, त्याला मराठीत बिगरमोसमी किंवा अवकाळी पाऊस म्हणतात.

जूनच्या पावसाची मुंबईकर वाट पाहतात. लालबाग-परळच्या चाळींत मे महिन्यातच तयारी सुरू होते. छपरावर ताडपत्री पडते, गॅलरीला प्लास्टिक लागते, छत्र्या दुरुस्त होतात. पुढे पावसाळा सरला की हे सारे सामान माळ्यावर जाते. डिसेंबरात तर गच्चीवर गाद्या-गोधड्या उन्हात टाकलेल्या असतात. अशा वेळी तुफान आले तर?

मुंबईने असे प्रसंग पाहिले आहेत. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' नावाचे चक्रीवादळ मुंबई-अलिबागच्या बाजूने कोकणात शिरले. त्यानंतर २०१७ च्या डिसेंबरात आले 'ओखी'. हे नाव बांगलादेशाने सुचवले होते. बंगालीत त्याचा अर्थ डोळा, म्हणजे उर्दूतली 'आँख'.

ओखी नोव्हेंबरच्या अखेरीस श्रीलंकेजवळ जन्मले. कन्याकुमारी, केरळ आणि लक्षद्वीप यांना त्याने झोडपले. मासेमारीसाठी दूर समुद्रात गेलेले अनेक मच्छीमार परत आलेच नाहीत. काहींचे नशीब बलवत्तर होते. केरळ आणि तमिळनाडूच्या ६८ बोटी वाऱ्याबरोबर भरकटत थेट महाराष्ट्रात, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगडच्या किनाऱ्याला लागल्या. त्यांवर ९५२ माणसे होती.

हिवाळ्यात अरबी समुद्रात उठलेली बरीचशी वादळे पश्चिमेला, ओमान-येमेनकडे निघून जातात. पण या दिवसांत आकाशात फार उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. एखादे वादळ उत्तरेकडे सरकले की हे वारे त्याला पुन्हा भारताच्या दिशेने वळवतात. ओखीचे तसेच झाले. मात्र तेच वारे वादळाची वरची बाजू मोडूनही टाकतात. शिवाय उत्तरेकडचे पाणी थंड असते आणि वादळाला तर गरम पाण्यातून बळ मिळते. म्हणून गुजरातच्या किनाऱ्याजवळ पोहोचेपर्यंत ओखीचा जोर ओसरला. मुंबईच्या वाट्याला गार वारा आणि ४ व ५ डिसेंबरचा पाऊस आला. ५ तारखेला शाळांना सुट्टी देण्यात आली. ३ तारखेलाच पौर्णिमा झाली होती, त्यामुळे भरतीही मोठी होती. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी गटारांच्या तोंडापेक्षा वर चढते आणि रस्त्यावरचे पाणी बाहेर जात नाही. परळजवळचा हिंदमाताचा भाग वाटीसारखा खोलगट आहे. तिथले लोक पावसाइतकेच भरतीच्या वेळेवरही लक्ष ठेवतात.

आता घराकडे वळू. हवामान खात्याचा इशारा दोन-तीन दिवस आधी मिळतो. 'डिसेंबरात कसला पाऊस!' असे म्हणून तो हसण्यावारी नेऊ नका. गॅलरीतल्या कुंड्या, गच्चीवरचे पत्रे आणि वाळत घातलेले कपडे आधी आत घ्या. सुटलेला पत्रा खाली चालणाऱ्या माणसाचा जीव घेऊ शकतो, म्हणून हे काम पहिले. तळमजल्यावर राहत असाल, तर धान्याचे डबे, वह्या-पुस्तके आणि रेशनकार्डासारखी कागदपत्रे उंच जागी ठेवा. पिण्याचे पाणी भरून ठेवा. टॉर्च आणि काड्यापेटी अंधारातही हाताला लागेल अशी ठेवा. घरात पाणी शिरू लागले तर मोठ्या माणसांना मेन स्विच बंद करायला सांगा. ओल्या हाताने बटणाला हात लावू नका.

थंडीतल्या पावसाचा एक धोका जुलैच्या पावसात सहसा नसतो. गार वाऱ्यामुळे लोक दारे-खिडक्या घट्ट लावून घेतात आणि कोणी ऊब मिळावी म्हणून आत कोळशाची शेगडी पेटवतो. कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला ना रंग, ना वास. झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही, आणि त्यात जीव जातो. बंद खोलीत शेगडी कधीही ठेवू नये. त्यापेक्षा कोरडे कपडे, गोधडी आणि गरम चहा बरा. घरात दम्याचे रुग्ण, म्हातारी माणसे किंवा तान्ही मुले असतील, तर त्यांना ओल्या भिंतीपासून दूर झोपवा. दम्याचे औषध आधीच आणून ठेवा.

दादरसारख्या भागात जुनी, मोठी झाडे खूप आहेत. वारा सुटला असता त्यांच्याखाली उभे राहू नका. झाड पडले किंवा पाणी तुंबले तर महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर कळवा. समुद्र पाहायला गिरगाव चौपाटीवर जाण्याचा मोह तर आवराच!

हे सारे ज्याला घराचे छप्पर आहे त्याच्यासाठी झाले. ओखीच्या वेळी दादरला हजारो माणसे उघड्यावर होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे निधन ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले. दरवर्षी त्या दिवशी चैत्यभूमीला वंदन करण्यासाठी गावोगावचे लोक येतात. बरेच जण दोन-तीन दिवस आधीच येतात आणि शिवाजी पार्कच्या मैदानात मंडपांखाली मुक्काम करतात. त्यांत लेकुरवाळ्या बायका आणि म्हातारी माणसेही असतात. त्या वर्षी मैदानात चिखल झाला, मंडप भिजले. तेव्हा महापालिकेने आसपासच्या आपल्या शाळा त्यांच्यासाठी उघडल्या. सुट्टीमुळे रिकाम्या असलेल्या वर्गांत गावाकडून आलेली ही माणसे पावसाच्या रात्री राहिली आणि ६ तारखेला तिथूनच चैत्यभूमीकडे निघाली.