चारवर आधी बंद पडतो

नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांना खेटून असलेलं हे वायरिंगचं गॅरेज म्हणजे जेमतेम एक गाळा. गाड्यांचं काम होतं ते रस्त्यावरच. मे महिन्याची दुपार आहे. पिवळ्या नंबरप्लेटची पांढरी गाडी कडेला लागली आहे आणि ड्रायव्हर घाम पुसत तक्रार सांगतो आहे.

"स्पीडब्रेकरवर ब्लोअर बंद, मामा. खड्ड्यात आपटली की परत चालू. पॅसेंजर वैतागतात. गॅस भरून झाला, मोटर नवीन टाकली, तरी तेच."

"कितीवर असताना बंद पडतो?"

"कितीवरही. पण चारवर आधी."

मिस्त्री हातातली सोल्डरिंग गन खाली ठेवतात. ही गाडी साध्या चार स्पीडच्या नॉबवाली. एक ते तीनवर करंट रेझिस्टन्सच्या तारेतून जातो, म्हणून पंखा हळू फिरतो. चारवर तो तारेला वगळून जातो. तार जळाली की खालचे स्पीड जातात आणि चार तेवढा शाबूत राहतो. इथे नेमकं उलटं आहे. चारवर मोटर सगळ्यात जास्त करंट ओढते, म्हणजे वाटेत कुठेतरी लोड सोसत नाहीये. हे एका प्रश्नात कळतं, पण मोटर बदलणाऱ्याने तो विचारलेला दिसत नाही.

ग्लोव्ह बॉक्स उतरतो. मिस्त्री डाव्या सीटपुढे पाठीवर आडवे, पाय फुटपाथवर. "इंजिन चालू ठेव. चारवर कर." पंखा घोंघावतो, मिनिटभराने गप्प होतो. "हात लावू नको कशाला!" मोटरवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीचे दोन टोले. कार्बन घासलेले असते तर बहुधा एवढ्या दणक्याने ती हलली असती. ही ढिम्म.

आता मीटर. काळी पिन बॉडीला, लाल पिन मोटरच्या पॉझिटिव्ह वायरवर: १३.८. फ्यूज, रिले, सप्लाय सगळं ठीक. लाल पिन मोटरच्या दुसऱ्या वायरवर: तिथेही १३.८.

"दोन्हीकडं व्होल्टेज आहे की!" ड्रायव्हर खूश होतो.

"तेच तर दुखणं आहे. मोटर चालताना चारवर इकडं जवळजवळ शून्य दिसायला पाहिजे. करंट मोटरपर्यंत येतोय, त्याला परत जायला वाट नाही."

परतीची वायर रेझिस्टन्सच्या कपलरमध्ये जाते. मिस्त्री मीटर तसाच लावून दोन बोटांनी कपलर किंचित वाकवतात. आकडे घसरतात, पंखा घरघरत सुटतो. बोटं काढली, बंद. पुन्हा वाकवला, चालू.

नॉब बंद करून कपलर ओढला तर तो सहज निघत नाही. निघाल्यावर कारण दिसतं. एका पिनचं घर तपकिरी होऊन फुगलंय, कडेचं प्लास्टिक मेणासारखं ओघळलंय, आतली पितळी पिन काळीनिळी पडून सैल झालीय. चारही स्पीडचा करंट या एकाच पिनमधून परततो. पिन सैल झाली की तापते, तापली की आणखी सैल होते. चारवर हा खेळ सगळ्यात लवकर रंगतो.

पोऱ्या समोरच्या दुकानातून शेपटीसकट नवा कपलर आणतो. वायर काळी पडलीय तिथपर्यंत कापून, चांगलं तांबं लागल्यावरच जोड दिला जातो: आधी क्रिम्प, मग सोल्डर, वर स्लीव्ह. रेझिस्टन्सच्या पिनाही काळवंडल्यात, म्हणून तोही नवा. तो हवेच्या वाटेतच बसतो, ब्लोअरच्या वाऱ्यानेच गार राहतो. मिस्त्री केबिन फिल्टर ओढून काढतात. कडुनिंबाचा पाला, धूळ, पांढरी पिसं.

"याच्यातून वारा जाणार कसा? हा पण बदल."

"आणि मामा, एकजण म्हणाला फ्यूज मोठा टाक."

"टाक की. मग कपलर राहू दे, सगळं वायरिंगच जळेल."

चारवर पंखा सुरू. लाल पिन पुन्हा परतीच्या वायरवर: ०.१. मिस्त्री कपलर हलवतात, डॅशबोर्डवर बुक्की मारतात. आकडा हलत नाही.

"जुनी मोटर कुठाय तुझी?"

"तिथंच राहिली, त्यांच्याकडं."

"जाऊन घेऊन ये. चांगली असणार ती."