अंबाड्यातली चिठ्ठी

आजच्या हेरकथांमधली स्त्री बहुधा देखणी, धाडसी आणि पिस्तूल चालवण्यात तरबेज असते. शत्रूला मोहात पाडणे हे तिचे मुख्य शस्त्र. ‘राझी’ (२०१८) या चित्रपटातली सेहमत मात्र वेगळी आहे. १९७१च्या युद्धाच्या सुमारास ती एका पाकिस्तानी लष्करी कुटुंबात सून म्हणून जाते. घरच्या सुनेवर सहसा कोणी संशय घेत नाही, हेच तिचे कवच. कौटिल्यालाही हे ठाऊक होते. ‘अर्थशास्त्रा’तल्या हेरांमध्ये परिव्राजिका आहे, कारण मोठ्यांच्या घरात तिला मज्जाव नसे.

याचे अस्सल उदाहरण आपल्याच स्वातंत्र्यलढ्यात सापडते. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी लुटला. रक्कम पाच लाखांहून अधिक होती. खानदेशातल्या भूमिगतांच्या जोडीला साताऱ्याच्या प्रतिसरकारातले जी. डी. बापू लाड होते. त्यांच्याच तुफान सेनेसाठी क्रांतिसिंह नाना पाटलांची कन्या हौसाताई काम करत.

१९४३ साली भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर एक ‘नवरा’ बायकोला बेदम मारू लागला. भांडण सोडवायला पोलीस बाहेर धावले आणि तेवढ्यात साथीदारांनी आतल्या बंदुका पळवल्या. ती बायको म्हणजे हौसाताई. नवरा लटका होता, मार मात्र खरा होता. पुढच्याच वर्षी पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्यात बाळ जोशी हा सहकारी पकडला गेला. हौसाताई त्याची बहीण बनून तुरुंगात भेटायला गेल्या. चिठ्ठी अंबाड्यात दडवलेली होती. परतताना मध्यरात्री लाकडी पेटीच्या आधाराने त्यांनी मांडवी पार केली. तेव्हा त्यांचे तान्हे मूल घरी होते.

मार खाणारी बायको आणि भावाला भेटायला आलेली बहीण, एवढीच त्यांची वेशांतरे. ज्या समाजाने बाईला दुय्यम मानले, त्याच समाजाच्या नजरेतली ही त्रुटी त्यांनी हत्यारासारखी वापरली.

पण जी नजर पहारेकऱ्याची, तीच पुष्कळदा इतिहासकाराचीही असते. खजिना लुटणाऱ्यांची नावे नोंदली जातात. निरोप पोचवणारी, भाकरी बांधून देणारी, दाराशी उभी राहून पाळत ठेवणारी बाई ‘मदत केली’ या दोन शब्दांत आटोपते. हौसाताई पंचाण्णव वर्षे जगल्या, म्हणून त्यांची हकीकत त्यांच्याच तोंडून ऐकता आली. खानदेशातल्या अशा किती अंबाड्यांतल्या चिठ्ठ्या न वाचताच राहिल्या असतील!