पोटातलं ओठावर येऊ द्या!

रात्री अकराला सावजी, सकाळी आठला तर्री-पोहे, दहाला मीटिंग आणि सव्वादहाला छातीत जळजळ. ओळखीचं वाटतंय? मग ड्रॉवरमध्ये स्टेपलरच्या बाजूला पडलेली पॅन्टोप्राझोलची स्ट्रिपही ओळखीची असणार. पोट बिघडलं की आपण आधी मेडिकल स्टोअर गाठतो, मग मित्राला विचारतो, मग इंटरनेटला. रामदासपेठ-धंतोलीत पावलापावलावर हॉस्पिटलच्या पाट्या असूनही गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्टचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. तो करतो तरी काय? ‘नळी टाकतो’ हे आपलं ठरलेलं उत्तर. ते अर्धंच खरं आहे.

साडेअकरा वर्षांचा कोर्स

आधी हिशेब करू. इंटर्नशिप धरून एमबीबीएस साडेपाच वर्षं. मग एमडी मेडिसिन, 3 वर्षं. मग नीट-एसएस पार करून डीएम गॅस्ट्रो, आणखी 3. कुठंही न अडखळता साडेअकरा! बॉण्डची नोकरी आणि परीक्षांची तयारी वेगळीच. तुम्ही तिसरी कंपनी बदलून फ्लॅटचे हप्ते भरायला लागता, तेव्हा तुमच्याच बारावीच्या बॅचचा हा गडी अजून नाइट ड्यूटी करत असतो. यातल्या पहिल्या पायऱ्या आपल्या गावातच आहेत. 1947 पासूनचं मेडिकल, मेयो (आपलं हं, अमेरिकेतलं नव्हे) आणि 2018 मध्ये सुरू झालेलं एम्स. मेडिकलशी जोडलेल्या सुपर स्पेशालिटीत गॅस्ट्रोचा स्वतंत्र विभागही आहे.

एवढी वर्षं लागतात कशाला? कावीळच घ्या. डोळे पिवळे झाले, एवढंच आपल्याला दिसतं. विदर्भात सिकलसेल बराच आढळतो. या आजारात लाल पेशी लवकर फुटतात, त्यानं डोळे पिवळे होतात. त्याच फुटलेल्या पेशींमुळं कमी वयातही पित्ताशयात खडे होतात. एखादा खडा सरकून पित्तनळीत अडकला, तर डोळे पुन्हा पिवळेच! आणि दूषित पाण्यातून आलेला हिपॅटायटिस ए किंवा ई असला, तरी रंग तोच. तीन कारणं, तीन वेगळे रस्ते. पेशी फुटत असतील तर रक्ताच्या डॉक्टरांची मदत. खडा अडकला असेल तर ईआरसीपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण नेऊन, पोट न कापता खडा काढायचा. आणि हिपॅटायटिस ए-ई असेल तर बहुतेकदा आराम आणि लक्ष ठेवणं, बस्स.

गळ्यात काविळीची माळ घालणाऱ्यांचं दुकान याच शेवटच्या कारणावर चालतं. हा हिपॅटायटिस बहुतेकांचा आपोआप बरा होतो, क्रेडिट जातं माळेला. अडकलेला खडा माळेला घाबरत नाही. त्यात जंतुसंसर्ग झाला तर जिवावर बेततं. आणि गरोदर बाईला हिपॅटायटिस ई झाला, तर माळेच्या नादात गेलेला एकेक दिवस महाग पडू शकतो.

नळी कधी, आणि कधी नाही

या शाखेतल्या लोकांची एक गंमत आहे. स्वतःवरच प्रयोग करायची त्यांना भारी हौस! 1954 मध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि आपले पंजाबचे नरिंदरसिंग कपानी यांनी काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेता येतं, हे दाखवलं. त्यावरून बेसिल हर्शोविट्झनं लवचिक दुर्बीण बनवली आणि 1957 मध्ये आधी स्वतःच्याच घशातून उतरवली. 1984 मध्ये ऑस्ट्रेलियाचा बॅरी मार्शल तर त्याच्या पुढं गेला. जठराला सूज टेन्शननं नाही, जंतूनं येते हे पटवायला तो चक्क हेलिकोबॅक्टर पायलोरीचं पाणी प्यायला. आजारी पडला, पण 2005 मध्ये रॉबिन वॉरेनसोबत नोबेल घेऊन गेला.

आज ती नळी जेमतेम करंगळीएवढी जाड असते. तपासणी काही मिनिटांत उरकते. म्हणून प्रत्येकाला टाकायची का? नाही. आणि खरं कसब इथंच दिसतं. न प्रयत्न करता वजन घटतंय, घास अडकतोय, शौचाला डांबरासारखं काळं होतंय किंवा रक्त जातंय, हिमोग्लोबिन पडलंय, घरात पोटाचा कॅन्सर झालेला आहे, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच त्रास सुरू झालाय... यातलं काही असेल तर थांबायचं नाही. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, तेही डॉक्टरांना सांगा.) यातलं काहीच नसेल, तर पंचविशीतल्या पोरापोरींना डॉक्टर अनेकदा नुसते प्रश्न विचारतात, फार तर साध्या तपासण्या करतात. बाहेर आल्यावर आपण कुरकुरतो, ‘एवढी फी घेतली अन् बोललेच फक्त!’

‘ओकेजनली’ म्हणजे किती?

त्या बोलण्यातच तर सगळं असतं. ‘पोट साफच नाही होऊन राहिलं’ म्हणजे नक्की काय? रोज होत नाही, की कडक होतं, की होऊनही समाधान नाही? लाजणाऱ्यांसाठी 1997 पासून ब्रिस्टल चार्ट आहे. शौचाचे सात प्रकार चित्रांत, तुम्ही फक्त बोट ठेवायचं. दुखणं रात्री झोपेतून उठवतं का, की फक्त सोमवारी ऑफिसला निघताना येतं? झोपेतून उठवणाऱ्या दुखण्याकडं डॉक्टर जास्त गंभीरपणे बघतात. पण सोमवारचं दुखणंही नाटक नसतं. आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं आहे आणि मेंदूशी त्याचं सतत बोलणं चालू असतं. आयबीएसमध्ये रिपोर्ट नॉर्मल येतात, दुखणं मात्र खरं असतं.

आणि मग तो प्रश्न : ‘घेता का?’ ‘ओकेजनली.’ ओकेजन आठवड्यातून चार असतात, हे शेजारी बसलेल्या बायकोसमोर कोण सांगणार? चांगला डॉक्टर दोन मिनिटं एकट्याशी बोलायला मागतो. लिव्हर बरीच बिघडेपर्यंत दुखत नाही, म्हणून हा आकडा खरा सांगणं गरजेचं.

एक गोष्ट मात्र पोटाच्या डॉक्टरकडेही नंतर न्यायची. जिना चढताना छाती भरून येते, घाम फुटतो, दुखणं जबड्याकडं किंवा डाव्या हाताकडं जातं, तर ‘गॅस चढला’ म्हणून सोडा प्यायचा नाही. आधी ईसीजी. पोटाचे डॉक्टरसुद्धा अशा पेशंटला आधी तिकडंच पाठवतात.

आणि जाताना सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स न्या. पॅन्टोप्राझोल जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची असते, आपण ती बिर्याणीनंतर घेतो. डॉक्टरांना हे कळायला हवं. डोकेदुखीच्या गोळ्याही न्या, जठराला जखम करण्यात त्यांचा हात असतो. आजीचा काढाही लपवू नका. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या 6 पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला. वाद त्यांचा त्यांना घालू द्या. तुम्ही बाटली पिशवीत टाका आणि टेबलावर ठेवा.